बाई, कॉम्प्युटर शिट्टी वाजवतोय!



आपल्या शाळेत एक संगणक असेल. बहुधा ऑफिसच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला खेटून, वर फुलाफुलांचं कापड टाकलेला. कुणी पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, "हा चालू आहे का?" तर आपलं उत्तर ठरलेलं असतं, "चालू आहे, पण आवाज फार करतो, म्हणून लावत नाही." काही शाळांत याच्या अगदी उलटं असतं. "आवाज येतोय, पण चालतंय ना? मग चालू द्या!" असं म्हणत तोच संगणक धूर निघेपर्यंत वापरला जातो.

मला या दोन्ही उत्तरांबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना लगेच भांडता येईल. आवाज करतो म्हणून संगणक झाकून ठेवणं आणि आवाज करतो तरी रेटत राहणं, या दोन्हींत आपण एकच गोष्ट टाळत असतो. तो आवाज कसला आहे, हे आपण ऐकतच नाही. मी काही संगणकाची तज्ज्ञ नाही. डी.एड.ला आम्हांला पुठ्ठ्याचं घड्याळ आणि शब्दपट्ट्या करायला शिकवलं, संगणकाच्या डब्यात काय असतं ते नाही. पण आमच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एकुलत्या एका संगणकानं मला दीड वर्षात जे शिकवलं, ते सांगण्यासारखं आहे.

हा संगणक आम्हांला लोकवर्गणीतून मिळाला. गावानं यात्रेच्या वर्गणीतून पैसे वाचवून दिलेला. पहिल्याच आठवड्यात दुसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, कॉम्प्युटर शिट्टी वाजवतोय." मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. मुख्याध्यापक सरांनाही नाही. "काही नाही गं, बस जागेवर," म्हणून मी तिला पाठवून दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला त्याची नंतर लाज वाटणार आहे.

पुढे दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा संगणकातून घरघर सुरू झाली, आणि घरघरीच्या जोडीला टिकटिक. कविता लावावी तर कवितेपेक्षा घरघर मोठी. सरांनी सांगितलं, "बंद ठेवा, आणखी काही बिघडलं तर आपल्या अंगाशी येईल." आणि संगणकावर कापड पडलं. ते दीड वर्ष उचललं गेलं नाही. मीही उचललं नाही, हे कबूल करते. एका जूनमध्ये पहिलीतल्या एका मुलानं ते कापड वर करून "बाई, हा टीव्ही कोणाचा?" असं विचारलं, तेव्हा मला कसंतरी झालं. ज्या पोरांच्या नावानं वर्गणी काढली, त्यांतली दोन वर्षांची पोरं त्याला हात न लावताच पुढे निघाली होती.

आता हा आवाज करतं कोण, ते पाहू. संगणकाच्या उभ्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, मागच्या बाजूला जिथे आपण वायर खोचतो तिथे एक पत्र्याचा छोटा डबा असतो. दुकानदार त्याला 'एसएमपीएस' म्हणतात. आपल्या बोर्डातून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एका दिशेची वीज तयार करतो. घरात भाकरी सगळे खातात, पण पीठ दळायचं काम जात्याचं, तसं याचं काम. हे काम करताना तो तापतो, म्हणून त्याला स्वतःचा पंखा असतो. जुन्या संगणकांत हा पंखा मागच्या जाळीतून दिसतो, साधारण ८० मिलिमीटरचा. नव्यांत तो १२० मिलिमीटरचा असतो आणि डब्याच्या आतल्या बाजूला तोंड करून बसवलेला असतो. आवाजाच्या बहुतेक तक्रारी या पंख्यापाशीच येऊन थांबतात.

पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. कॅबिनेटमध्ये आणखी एक पंखा प्रोसेसरच्या डोक्यावर असतो, कधी कधी मागे एक वेगळा असतो. शिवाय फिरणारी हार्ड डिस्क असते, तीही कुरकुरते. म्हणून 'एसएमपीएस गेला' असं म्हणण्याआधी आवाज कुठून येतो ते बघायला हवं. आम्ही काय केलं? जुन्या कॅलेंडरचा कागद गुंडाळून दीड हात लांब नळी केली. एक टोक कानाला, दुसरं टोक कॅबिनेटपासून चार बोटं लांब. कॅबिनेट बंदच. जाळीत काही घालायचं नाही, पत्र्याला हात लावायचा नाही, आणि मी शेजारी उभी. चौथीच्या मुलांनी पाळीपाळीनं ऐकलं. डॉक्टर झाल्यासारखी तोंडं केली होती सगळ्यांनी! पाच मिनिटांत निकाल लागला: आवाज वर, मागच्या बाजूला, वायर खोचतात त्या पंख्यातून येतोय. प्रोसेसरचा पंखा निर्दोष सुटला.

मग मी वहीत दोन रकाने आखून दिले, वेळ आणि आवाज. आठवडाभर मुलांनी नोंदी केल्या. मला त्यातून कळलं ते असं की टिकटिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते, पण घरघर सकाळी लावल्याबरोबर जास्त असते आणि पंधरा-वीस मिनिटांनी कमी होते. म्हणजे हे दोन वेगवेगळे आजार होते, आणि आम्ही दीड वर्ष दोन्हींना मिळून 'आवाज' म्हणत होतो.

टिकटिकीचं कारण ऐकाल तर हसाल. ती खराट्याची काडी होती. संगणकामागची जागा झाडताना एक काडी मोडून जाळीत अडकली होती आणि फिरणारं प्रत्येक पातं तिला टपली मारून पुढे जात होतं. तिचं एक टोक जाळीबाहेर आलं होतं. बोर्डावरचं बटण बंद केलं, पिन काढली, थोडा वेळ थांबले आणि ते बाहेरचं टोक दोन बोटांनी धरून काडी ओढून घेतली. टिकटिक संपली. दीड वर्ष एका काडीसाठी! टोक बाहेर नसतं तर मात्र मी चिमटा, सुई, तार असलं काहीही आत घातलं नसतं. कारण पुढे येतंच आहे.

घरघरीचं कारण धूळ, असं मी धरून चालले. आमच्या माणदेशात धुळीला काय तोटा, आणि वर्गात खडूची भुकटी वेगळीच. संगणकाचे पंखे दिवसभर हवा ओढतात म्हणजे धूळही ओढतात. ती पात्यांवर सारखी बसत नाही, एका बाजूला जास्त बसली की पंखा तोल जाऊन थरथरतो. पिन काढून संगणक व्हरांड्यात आणला, कॅबिनेटची बाजूची पाटी दोन स्क्रू काढून उघडली. आत कोळ्याची जाळी, मेलेल्या मुंग्या आणि पालीची एक अंडीसुद्धा. रंगाच्या कोरड्या ब्रशनं आणि गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणलेल्या ब्लोअरनं साफ केलं. हे करताना प्रोसेसरचा पंखा आइस्क्रीमच्या काडीनं अडवून धरायचा. ब्लोअरच्या वाऱ्यानं तो गरगर फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. एसएमपीएसचा डबा उघडला नाही, त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारली. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना त्या दिवशी लांब बसवायला विसरू नका.

धूळ गेली तरी सकाळची घरघर राहिलीच, कमी झाली इतकंच. तेव्हा तालुक्याच्या गावचे दुरुस्तीवाले दादा आले. त्यांनी मुलांची वही वाचली आणि सरांकडे बघून म्हणाले, "सर, तुमच्या पोरांनी माझं निम्मं काम केलंय." (वही माझ्या हातात होती, पण बोलले सरांशी. असो.) थंडीत सकाळी आवाज आणि तापल्यावर शांत, याचा अर्थ पंख्याच्या बुशातलं तेल सुकत आलंय. शिलाई मशीन महिनाभर बंद ठेवून एकदम चालवलं की ते कसं कुरकुरतं, तसंच. स्वस्त पंख्यांना बॉल बेअरिंग नसतं, साधं बुश असतं, त्यातलं तेल काही वर्षांत संपतं.

दादांनी दोन पर्याय दिले, नुसता पंखा बदलू की अख्खा एसएमपीएस? पंखा स्वस्तात झाला असता. तरी मी अख्खा बदलायच्या बाजूची होते, आणि या मुद्द्यावर माझं नि सरांचं थोडं वाजलंही. माझं म्हणणं असं, की पंखा दमला तेव्हापासून आतले सगळे भाग जास्त तापत आले आहेत. आतले कपॅसिटर, ज्यांना दुकानात कंडेन्सर म्हणतात, उष्णतेनं फुगतात आणि सुकतात. ज्या घोड्याचा पाय गेलाय त्याला नुसता नाल ठोकून काय उपयोग? शिवाय जुन्या डब्यावरचं लेबल आम्ही मुलांसोबत वाचलं होतं. मोठ्या अक्षरांत '४५०' छापलेलं. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपल्याला माहीत आहे. १२ गुणिले १४, झाले १६८. संगणकाचं मुख्य काम या १२ व्होल्टवर चालतं. आमच्या साध्या संगणकाला १६८ पुरत होते, प्रश्न तो नाही. पण ज्यानं वर एक लिहून खाली दुसरंच दिलं, त्यानं आत काय काय वाचवलं असेल याचा भरवसा काय? विकत घेताना मोठा आकडा बघू नका, १२ व्होल्टचे अँपिअर बघा, आणि डबा हातात घेऊन वजनही बघा. फार हलका लागला तर शंका घ्या.

आता पुढचं मी जरा कडक शब्दांत लिहिणार आहे.

एसएमपीएसचा पत्र्याचा डबा शिक्षकानं उघडायचा नाही. पालकांनी घरी उघडायचा नाही. बंद पडलेला असला तरी नाही, पिन काढलेली असली तरी नाही. बोर्डातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर पहिल्यांदा एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, तेव्हा ती सुमारे ३२५ व्होल्ट असते. बाहेरून वीज तोडल्यावरही ती तिथे साठून राहू शकते, आणि किती वेळ राहील ते बाहेरून कळत नाही. विज्ञान प्रदर्शनात 'टाकाऊपासून टिकाऊ'च्या टेबलावर मुलांनी उघडून ठेवलेला एसएमपीएस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. परीक्षक कौतुकानं पाठ थोपटत होते. माझ्या पोटात गोळा आला. कॅबिनेटची बाजू उघडणं वेगळं आणि हा डबा उघडणं वेगळं, हा फरक मुलांना पहिल्या दिवशी सांगायला हवा.

जुन्या डब्यांवर मागे एक छोटं लाल बटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. कुणा चौकस पोरानं ते ११५ कडे सरकवलं आणि मग पिन लावली, तर फट् असा आवाज येईल तो शेवटचा. आमच्या जुन्या डब्यावर मी पहिल्या दिवशीच त्याच्यावर चिकटपट्टी मारून टाकली होती. तेवढं एक काम मी वेळेवर केलं.

आणि काही आवाज असे आहेत, की तिथे कागदाची नळी घेऊन बसायचं नाही. चटचट असा, ओल्या लाकडासारखा आवाज. पावसाळ्यात धूळ ओली झाली की आत ठिणगी उडते, तो हा आवाज. जळका किंवा सडक्या माशासारखा वास. अचानक पंखा थांबून आलेली शांतता, पण संगणक चालूच. यातलं काहीही झालं तर आधी बोर्डावरचं बटण बंद, मग पिन बाहेर. फाइल सेव्ह करायला थांबायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी चटचट ऐकूनही "एवढी ऑनलाइन माहिती भरून होऊ दे" म्हणून अर्धा तास काढला. शेवटच्या तारखेची भीती आपल्याला सगळ्यांनाच आहे. डबा फुटला, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला, आणि माहिती गेली ती गेलीच. शेजारच्या बाकावर मुलं बसली होती. कुणाला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

एक बारीक गुणगुण मात्र घाबरण्यासारखी नसते. शाळेत इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर आवाज बदलतो का ते बघा. साध्या इन्व्हर्टरची वीज बोर्डाच्या विजेसारखी गुळगुळीत नसते, त्यावर कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात. वीज आल्यावर गुणगुण गेली तर दोष संगणकाचा नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. नवा एसएमपीएस बसला, घरघर गेली. तरी कुठेतरी पत्रा खडखडत होता. पाटीचा स्क्रू सैल असेल म्हणून दादा म्हणाले, पत्र्यावर तळहात दाबून बघा, आवाज थांबला तर तिथेच सैल आहे. मी पुढे होण्याआधीच तिसरीतल्या एका मुलानं हात ठेवला आणि लगेच काढला. "बाई, मुंग्या आल्या."

यावेळी मी "काही नाही, बस जागेवर" म्हटलं नाही. दादांनी टेस्टर लावला, पत्र्यावर दिवा लागला. एसएमपीएस नवा, चांगला, तरी पत्र्यात वीज! कारण डब्यात नव्हतं, आमच्या भिंतीत होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात. पत्र्यावर येणारी ती किरकोळ वीज पिनेच्या तिसऱ्या, जाड पायातून जमिनीत जावी अशी रचना असते. बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नसेल, तर पत्रा जवळजवळ ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत काही तुटून खरी वीज पत्र्याला लागली, तर तिला जमिनीत जायला वाटच नाही. मग ती वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे अनवाणी पायानं ओल्या फरशीवर उभं राहिलेलं आपलं लेकरू.

मंडळी, हा मुद्दा मला आवाजापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आपल्या किती जुन्या शाळाखोल्यांत तीन भोकांचं सॉकेट आहे आणि तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे? आम्ही टीव्ही आणला, संगणक आणला, भिंती रंगवल्या, दारावर 'डिजिटल शाळा' लिहिलं. अर्थिंगवर कुणाचं नाव रंगवता येत नाही, म्हणून त्याला कुणी देणगीदार मिळत नाही. त्या दिवशी मीच संगणक बंद केला, बटण काढलं, पिन काढली, वर कापड टाकलं. 'बंद ठेवू नका' म्हणणारी मीच! पण दीड वर्षापूर्वीचं बंद ठेवणं आणि हे बंद ठेवणं यात फरक होता. यावेळी का बंद केलाय आणि कधी सुरू होईल, हे फळ्यावर लिहिलं होतं.

इलेक्ट्रिशियननं शोधलं तेव्हा अर्थिंगचा खड्डा होता, पण वायर गंजून तुटलेली, आणि खड्डा कोरडा ठणठणीत. आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात हे होतंच. जमीन वाळली की वीज मुरत नाही. मीठ-कोळसा नव्यानं भरला, नवी वायर ओढली, बोर्डात गळती झाली तर वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायचं काम आता चौथीच्या मुलांच्या पाळीपत्रकात आहे, झाडांना पाणी घालण्याच्या शेजारी. पालकहो, घरीही एवढं बघाच. संगणकाच्या, फ्रिजच्या, मोटरच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर "जरासाच करंट आहे" म्हणून सोडून देऊ नका. आणि तीन पायांच्या पिनेचा जाड पाय कापून दोन भोकांत बसवला असेल तर ती वायर आजच बदला.

काही शिक्षक म्हणतील, "आम्ही मास्तर आहोत की मेकॅनिक? आधीच अशैक्षणिक कामं कमी आहेत का?" हे म्हणणं मला मान्य आहे, मीही त्याच गाडीत बसले आहे. दुरुस्ती आपण करायची नाहीच. पण डॉक्टरकडे नेल्यावर 'पोराला काय होतंय' हे आईनंच सांगायचं असतं ना? "काहीतरी होतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तपासण्या लिहून देईल आणि बिल मोठं होईल. दुरुस्तीवाल्याचंही तसंच. आवाज कधी येतो, कुठून येतो, कसा येतो, हे तिघांचं उत्तर हातात असेल तर आपल्याला कुणी उगाच मदरबोर्ड बदलायला लावत नाही.

खरी अडचण कामाच्या ओझ्याची नाहीच, असं मला वाटतं. खरी अडचण जडसंग्रह नोंदवहीची आहे. वापरताना वस्तू बिघडली तर 'कुणी बिघडवली' हा प्रश्न येतो. कापडाखाली पडून बिघडली तर तो प्रश्न येत नाही, मुदत संपली की निर्लेखन होतं आणि सगळे सुटतात. मग शहाणा माणूस कापड टाकणारच. आमच्या सरांची भीती मला कळत होती, त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. यावर आम्ही केलेला उपाय साधा होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय ठेवला, संगणकाची कॅबिनेटबाहेरून आणि आतून साफसफाई शिक्षक करतील, एसएमपीएसचं काम दुरुस्तीवाला करेल, खर्च शाळा अनुदानातून होईल, आणि वापरताना काही बिघडलं तर ते वापरातलं बिघडणं समजलं जाईल, असा ठराव लिहून घेतला. इतिवृत्तावर सह्या झाल्या. त्या कागदानं ब्लोअरपेक्षा जास्त धूळ झटकली म्हणायला हरकत नाही. समितीतल्या पालकांनो, असा ठराव तुम्ही स्वतःहून मांडा. शिक्षक मांडायला कचरतात.

राहिली ती शिट्टी.

सगळं झाल्यावर संगणक सुरू केला, शांत, गोड. तेव्हा ती शिट्टीवाली मुलगी चौथीत होती. मी तिला बोलावलं आणि विचारलं, "आता वाजते का गं शिट्टी?" ती म्हणाली, "वाजते बाई. पहिल्यापेक्षा बारीक आहे. पण बंद केल्यावर वाजते." बंद केल्यावर? मला वाटलं, झालं, पोरगी काहीतरीच सांगते. मग आठवलं, संगणक बंद केला तरी बोर्डाचं बटण चालू असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग ५ व्होल्ट तयार करत जागाच असतो. पंखा थांबलेला असतो, पण वीज आत खेळत असते. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती विजेच्या चालू-बंद होण्याबरोबर अतिशय वेगानं थरथरतात. हा वेग कधी कधी माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. वय वाढलं की वरचे बारीक आवाज एकेक करून गळतात. तिशी ओलांडलेल्या माझ्या कानाला जे नाही, ते नऊ वर्षांच्या कानाला असू शकतं.

तरी खात्री करायची ठरवली. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. संगणक बंद, पंखे बंद. मी बोर्डावरचं बटण कधी चालू करायचे, कधी बंद ठेवायचे. बटणाच्या खट् आवाजावरून ओळखू नये म्हणून दरवेळी शेजारचंही एखादं बटण दाबायचे. साठलेली वीज संपायला अर्धा मिनिट जाऊ द्यायचे आणि मग विचारायचे, "आता?" दहा वेळा केलं. दहाही वेळा तिचं उत्तर बरोबर आलं. वर्गातल्या आणखी चार मुलांनाही शिट्टी ऐकू येत होती, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलेलीला मी गप्प बसवलं होतं, मग बाकीचे कशाला सांगतील?

या शिट्टीनं संगणकाचं सहसा काही बिघडत नाही. दादाही तेच म्हणाले. पण दुसरीचं वर्षभर ती मुलगी त्या कोपऱ्याला लागूनच्या बाकावर बसत होती आणि "लक्ष नसतं" असा शेरा मीच तिच्या प्रगतिपत्रकावर लिहिला होता. शिट्टीमुळेच लक्ष नव्हतं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण मी विचारलंही नव्हतं.

आता संगणक बंद केला की बोर्डाचं बटणही बंद करायचं, असा नियम आहे. मी विसरते. संध्याकाळी दप्तर पाठीला लावून ती दारापर्यंत जाते, थांबते, मान जराशी तिरकी करते आणि मागे वळून म्हणते, "बाई, बटण राहिलं."